पांढरी बोटं आणि ग्राइंडरची मिनिटं

ग्वाल्हेरच्या वाचकांची या वेळची बरीच पत्रं एकाच दुखण्याभोवती फिरतात: ग्राइंडर, ड्रिल, हवेची हातोडी अशी थरथरणारी हत्यारं दिवसभर धरणाऱ्यांचे हात. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : हे दगडाच्या जाळीचं काम करतात, पंधरा वर्षं झाली. अलीकडे कंप्रेसरवरची हातोडी वापरतात. पौष-माघात सकाळी लश्करहून मोटारसायकलवर निघाले की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खडूसारखं पांढरं होतं. अर्ध्या तासाने लाल होऊन ठणकतं. उजव्या हाताला काहीच नाही. घरचे म्हणतात गारठा आहे, मोहरीचं तेल चोळ. कुणाला दाखवावं?

उत्तर : ताई, गारठ्याने सगळ्यांचेच हात गार पडतात, पण ते सगळीकडून सारखेच फिके होतात. पुढच्या वेळी बोट नीट बघा. पांढरा भाग आणि नेहमीचा रंग यांच्यामध्ये रेघ ओढल्यासारखी हद्द दिसत असेल, तर बोटाच्या रक्तवाहिन्या आवळून बंद होत आहेत असं समजा. वर्षानुवर्षांच्या थरथरीने त्या बारीक वाहिन्यांचं आतलं अस्तर आणि भोवतीच्या नसा दुखावतात. मग जराशा गारव्यानेही वाहिनी इतकी आवळते की त्या पेरात रक्तच पोहोचत नाही. रक्त परत आलं की लाली आणि ठणका येतो.

डावाच हात का, याचं उत्तर कामातच आहे. उजवा हात हातोडीची मूठ धरतो, डावा हात छिन्नी. थरथर सर्वांत जास्त असते ती छिन्नीच्या दांड्यावर, आणि तिथे डाव्या हाताची बोटं पोलादाला थेट भिडलेली असतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी फोडणाऱ्या कारागिरांना 1918 साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तपासलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं: छिन्नी धरणारा डावा हात जास्त बिघडलेला, आणि झटका थंड सकाळी.

डॉक्टरकडे जाल तेव्हा बोटं बहुधा छान गुलाबी असतील आणि "काही नाही" म्हणून परत पाठवतील. म्हणून झटका आला की लगेच मोबाइलवर फोटो काढा, हद्दीची रेघ दिसेल असा. वहीत तारीख, वेळ, कुठलं बोट आणि किती पेरं हे लिहा. डॉक्टर या दुखण्याची पायरी पेरांवरूनच ठरवतात आणि दोन्ही हातांची वेगवेगळी ठरवतात. अधूनमधून फक्त टोकं पांढरी पडणं ही पहिली पायरी. मधल्या पेरापर्यंत गेलं की दुसरी. बहुतेक बोटं मुळापर्यंत आणि वारंवार पांढरी पडली की तिसरी. टोकाची कातडी सुकून जखमा होऊ लागल्या की चौथी. तुमच्या पत्रावरून हे अजून सुरुवातीचं वाटतं, आणि कंपन कमी करून सर्वांत जास्त फायदा याच टप्प्यावर मिळतो.

ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात दाखवा. कागदावर पहिलीच ओळ "15 वर्षं दगडकाम, हवेची हातोडी" अशी लिहून न्या, कारण व्यवसाय कोणी विचारेलच असं नाही. डॉक्टर इतर कारणंही तपासतील: संधिवाताच्या गटातले आजार, मानेजवळची जादा बरगडी, थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या. अंगठ्यासकट सगळी बोटं पांढरी होत असतील किंवा कातडी ताठ वाटत असेल, तर ते आवर्जून सांगा. थरथरीच्या दुखण्यात अंगठा बहुधा वाचतो.

झटका आला की हत्यार बंद करा, आडोशाला या, हात काखेत धरा किंवा पूर्ण हात खांद्यापासून गोल फिरवा म्हणजे रक्त बोटांकडे ढकललं जाईल. कोमट पाणी चालेल. शेकोटीवर किंवा सिगडीवर हात धरू नका, बधिर बोटाला चटका कळत नाही आणि फोड येतो. तेल चोळायला हरकत नाही, चोळल्याने ऊब येते, पण मुळातलं दुखणं त्याने हटत नाही. मोटारसायकलचं हँडलही थरथरतं, वर गार वारा. हँडलला वारा अडवणारी कव्हरं, आत लोकरीचे हातमोजे, आणि कानटोपी-स्वेटर हवेतच. छाती-पाठ गार पडली की शरीर आधी बोटांचंच रक्त कमी करतं.

प्रश्न : माझ्या कारखान्यात सहा कारागीर आहेत. दुकानदार "कंपनरोधक" हातमोजे दाखवतो, महाग आहेत. घेतले तर हा त्रास थांबेल का?

उत्तर : फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका. असे मोजे साधारण 150 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 150 कंपनांच्या, वरची थरथर थोडी शोषतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 183. तिथे थोडाफार उपयोग होईल. हवेच्या हातोडीचे ठोके त्याहून बरेच कमी असतात, ते मोज्यातून जवळजवळ तसेच हातात जातात. जाड मोज्याने मूठ आणखी घट्ट धरावी लागते, आणि जितकी घट्ट मूठ तितकी थरथर आत. मोजे घ्या, पण ऊब आणि कोरडेपणासाठी, हातावर नीट बसणारे. ग्राइंडरजवळ सैल लोकरी मोजा नकोच, चकती तो ओढून घेते.

त्याऐवजी मिनिटं मोजा. युरोपीय संघाच्या 2002 च्या नियमात आठ तासांच्या दिवसासाठी हातापर्यंत पोहोचणाऱ्या थरथरीच्या जोराचे दोन आकडे आहेत: 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग (थरथर मोजायचं एकक) झाले की उपाय सुरू करायचे, आणि 5 च्या पुढे जायचंच नाही. ब्रिटनमध्ये याचे सोपे गुण केले आहेत. हत्याराच्या पुस्तिकेतला कंपनाचा आकडा घ्या, त्यात शेजारी छापलेली अनिश्चितता (आकडा किती चुकू शकतो ते, बहुधा 1.5) मिळवा, बेरजेचा वर्ग करा आणि दुप्पट करा. हे झाले तासाचे गुण. दिवसाला 100 गुणांवर जागे व्हा, 400 ही शेवटची हद्द.

समजा ग्राइंडरचा आकडा 4.5 आणि 1.5 मिळून 6. वर्ग 36, दुप्पट 72. चकती खरोखर फिरत असलेला वेळ अडीच तास असेल तर 180 गुण. हातोडीचा आकडा 12 धरला तर तासाला 288, आणि चाळीस मिनिटांचे 192. एकूण 372, म्हणजे माणूस हद्दीला टेकला. तेच हातोडीचं काम दोघांत वीस-वीस मिनिटं वाटलं की प्रत्येकी 96, बेरीज 276. आकडा दुप्पट झाला तर गुण चौपट होतात, म्हणून सर्वांत जास्त थरथरणारं मशीन आधी बदला. आणि पुस्तिकेचा आकडा नव्या मशीनचा असतो. झिजलेल्या मशीनचा त्याहून बराच वर जातो.

झीज कुठे बघायची? प्लग काढा, स्पिंडल (चकती ज्यावर बसते तो दांडा) बोटांत धरून हलवा. खडखड खेळ असेल तर बेअरिंग गेलं. चकती काढून फ्लँज, म्हणजे चकती ज्यावर टेकते ती धातूची चपटी कडी, पुसा. तिथे वाळलेला दगडाचा गाळ कणभर जरी राहिला तरी चकती तिरकी बसते आणि अख्खं मशीन नाचतं. घासायची रेझिनची चकती ओलीत ठेवू नका, ती पाणी पिऊन एका बाजूला जड होते आणि कमकुवतही. तिच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते, ती बघून वापरा. बाजूचं हँडल काढून टाकायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, ते पुन्हा लावायला लावा. छिन्नी बोथट झाली की काम लांबतं आणि कारागीर अंगाचा जोर देतो, म्हणून धार लावलेल्या छिन्न्यांचा एक जोड कायम तयार ठेवा. डाव्या हातासाठी छिन्नीवर रबरी बाही चढवा. आमच्या मते त्या महाग मोज्यांपेक्षा पैसे आधी या बाहीवर घालावेत.

हातोडीतून सुटणारी हवा कुठे जाते तेही बघा. दाबातून सुटलेली हवा बर्फासारखी गार होते आणि बऱ्याच मशीनवर ती थेट बोटांवर येते. नळी लावून ती मागे वळवा. मात्र हात ओले होतात म्हणून पाणी मारून कापणं बंद करू नका. ग्वाल्हेरच्या वालुकाश्मात सिलिका भरपूर, तिची कोरडी धूळ फुप्फुसांत गेली की परत निघत नाही. पाणी चालू, आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) लावलेली लाइन आणि हातात जलरोधक मोजे, असं ठेवा.

सलग काम दहा-पंधरा मिनिटांहून जास्त नको. मधे माप घेणं, दगड फिरवणं, झाडणं अशी कामं घाला, आणि हिवाळ्यात सकाळी पहिला चहा होऊन हात गरम झाल्याशिवाय मशीन लावू देऊ नका. ठेक्यावरचा कारागीर विश्रांती घेणार नाही, त्याची मजुरी बुडते. विश्रांतीची मिनिटं दरात धरणं तुमच्याच हातात आहे.

प्रश्न : मुरारला फरशी बसवण्याचं काम करतो. वय 27. रात्री दोन-तीनला अंगठा आणि पुढच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. बोटं पांढरी कधीच पडत नाहीत.

उत्तर : तुमचं दुखणं रक्ताचं वाटत नाही, मनगटातल्या नसेचं वाटतं. मनगटाच्या बोगद्यात ती नस दाबली जाते. अंगठा, दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू तिच्याकडे, करंगळी नाही. करंगळी सुटलेली आहे का ते पडताळा. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा, कटर चालवताना मनगट मुडपून जोर देऊ नका. काही आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसलेला दिसला, तर नसेची तपासणी करून घ्या. तो भाग बसल्यावर उशीर होतो. रक्तातली साखरही तपासा.

आणखी एक. फरशी बसवताना तळहाताच्या बुडाने ठोकत असाल तर ते आजच बंद करा, रबरी हातोडी घ्या. करंगळीखालच्या त्या उंचवट्याखालून बोटांना रक्त देणारी मोठी वाहिनी जाते. ठोकून ठोकून ती चेपली की करंगळी आणि अनामिका गार पडतात, कधी गुठळीही होते.

प्रश्न : बिडी सोडली तर बोटं बरी होतील का? आणि गोळी आहे का?

उत्तर : निकोटिनने याच वाहिन्या आवळतात, त्यामुळे बिडी आणि तंबाखूची पुडी दोन्ही सोडली तर झटके कमी होण्याची चांगली शक्यता असते. पण बिडी सोडून हातोडी तितकीच चालवली तर दुखणं पुढे सरकतच राहील. वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या आहेत, निफेडिपिन त्यांतली एक. त्यांनी रक्तदाब उतरतो, चक्कर येते, पाय सुजतात, म्हणून डॉक्टरांशिवाय नको. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर किंवा अर्धशिशीसाठी अर्गोटामाइन चालू असेल तर तेही सांगा. या दोन्हींनी बोटं जास्त गार पडू शकतात. गोळी स्वतःहून मात्र थांबवू नका.

प्रश्न : वर्षापूर्वी दगडकाम सोडलं. आता बोटं क्वचितच पांढरी पडतात, पण शर्टाचं बटण लावता येत नाही, खिशातलं नाणं एकाचं की दोनाचं कळत नाही. हे कधी परत येईल?

उत्तर : खरं सांगायचं तर रक्ताचा भाग सुधारतो, कधी त्याला वर्षं लागतात. स्पर्शाचा भाग बहुतेकांत जिथे थांबला तिथेच राहतो. तरी एकदा नसेची तपासणी करा. मनगटात नस दाबलेली निघाली तर तेवढा भाग शस्त्रक्रियेने सुधारू शकतो. तोपर्यंत बटणांऐवजी चिकटपट्टी किंवा चेन लावून घ्या, चावीला जाड मूठ बसवा. आंघोळीचं पाणी बोटांनी न बघता कोपराने बघा, आणि चुलीवरचं भांडं उतरवताना नेहमी सांडशी वापरा. रात्री झोपताना बोटांची टोकं उजेडात एकदा तपासा. न कळलेला चटका किंवा चीर असेल तर ती तिथेच दिसेल.