सहा सॉर्ट फंक्शनं एकत्र करताय? आधी तो जादा ‘इफ’ कशासाठी आहे ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. गाड्यांच्या सुट्या भागांचं पान, नाव-किंमत-शिल्लक अशा तीन रकान्यांवर चढती-उतरती मिळून सहा बटणं, आणि प्रत्येक बटणाला क्रम लावणारं (सॉर्ट) स्वतःचं पंचवीस ओळींचं जावास्क्रिप्ट फंक्शन. ‘नव्वद टक्के कोड सारखाच आहे, एकच फंक्शन कसं करू?’ असं विचारलंय तुम्ही. वर दोघातिघांनी सांगितलंय तसंच करा: रकाना आणि दिशा हे दोन पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून द्यायच्या गोष्टी), कुठल्या रकान्याची तुलना कशी करायची ते सांगणारं एक ऑब्जेक्ट, आणि सहा बटणांवर सहा लिसनर (क्लिक ऐकणारा कोड) लावण्याऐवजी त्यांना वेढणाऱ्या बाहेरच्या डिव्हवर एकच. त्यात मी काही भर घालत नाही.

मला बोलायचंय ते उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल. तुम्ही डकवलेल्या कोडमध्ये ‘किंमत उतरती’वाल्या फंक्शनात एक जादा इफ, म्हणजे ‘असं असेल तर’ची अट, आहे. किंमत रिकामी असेल तर तिथे काहीतरी वेगळं होतं. बाकी पाचांत तो नाही. सगळं एकत्र करताना तो तुम्ही एकतर उडवाल नाहीतर सगळ्यांना लावाल. मी असाच एक इफ ‘सांभाळून’ ठेवला होता आणि तरी मार खाल्ला.

सात-आठ वर्षं झाली असतील. शेतमालाचे बाजारभाव दाखवणारं एक पान माझ्याकडे सुधारायला आलं. कुणासाठी ते विचारू नका. रकाने नेहमीचेच: बाजार समिती, शेतमाल, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. आधीच्या मुलाने सात रकान्यांना चौदा फंक्शनं लिहिली होती. परिमाणाला सुद्धा! सगळीकडे क्विंटल, तरी चढतं क्विंटल आणि उतरतं क्विंटल.

एका संध्याकाळी बसून चारशे ओळींच्या चाळीस केल्या. जाम खूश होतो. चौदा फंक्शनांत फरक असा एकच दिसला: दराच्या रकान्यांत मजकुरातून आकडा काढायला पार्सइंट वापरलं होतं आणि आवकेच्या रकान्यात नंबर; दोन्ही जावास्क्रिप्टचीच तयार फंक्शनं. मला वाटलं, मुलाला त्या दिवशी जे आठवलं ते त्याने लिहिलं. पार्सइंट तसंही ढिलं. इंग्रजी आकड्यांतला, स्वल्पविराम असलेला ‘2,450’ त्याला दिला तर स्वल्पविरामाशी थांबतं आणि 2 हातात ठेवतं. म्हणून स्वल्पविराम काढून टाकले आणि सगळीकडे नंबर लावलं. दर नसलेल्या ओळी तळाला पाठवणारी इजनॅनची (‘हा आकडाच नाही का?’) तपासणी होती, ती इमानदारीत जशीच्या तशी नव्या फंक्शनात आणली.

आता गंमत बघा. रिकामी स्ट्रिंग (मजकूर) पार्सइंटला दिली तर नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’, मिळतो. तीच नंबरला दिली तर शून्य मिळतं. नुसत्या स्पेस असल्या तरी शून्यच. म्हणजे मी जपून आणलेली ती तपासणी नव्या कोडमध्ये एकदाही लागू झाली नाही. एररही नाही, कन्सोल स्वच्छ. मी चाचणी घेतली बुधवारी, सगळीकडे लिलाव चालू असताना. रविवारी बहुतेक समित्या बंद, दराचे रकाने रिकामे, आणि चढत्या क्रमात बंद समित्या सगळ्यात वर. त्यात पानाच्या डोक्यावर ‘आजचा सर्वात कमी दर’ अशी पट्टी होती, ती त्याच यादीची पहिली ओळ उचलायची. त्यामुळे दिवसभर तिथे झळकत होतं: कांदा, ० रुपये क्विंटल.

सोमवारी फोन. काय चुकलंय ते तिकडून नीट सांगतील तर शपथ. आधी ‘साइट हॅक झालीय’, मग ‘व्हायरस आहे’, मग पानाची प्रिंट काढून त्या प्रिंटचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात नेमकी वरची पट्टी कापलेली. मी कोड उघडून बसलो तर अर्ध्या तासात सापडलं, पण दुरुस्ती वर चढवायला परवानगी हवी, परवानगीसाठी आधी लेखी खुलासा हवा, आणि खुलासा घेणारे साहेब रजेवर. तीन दिवस तो शून्य रुपयांचा इतिहास डेव्हलपर म्हणून माझ्या नावावर राहिला. शेवटचा हप्ता पाच महिने लटकला. ‘फाईल टेबलावर आहे’ हे वाक्य मी तेव्हापासून ऐकू शकत नाही. असो, चूक माझी होती हे मान्य.

तेव्हापासून मी असं करतो. तुम्हाला पटलं तर घ्या. आकडा काढायचं काम एकाच छोट्या फंक्शनकडे देतो. स्ट्रिंग ट्रिम करून (कडेच्या स्पेस काढून) रिकामी निघाली तर ते नल, म्हणजे ‘किंमत नाही’, देतं. शून्यही नाही, नॅनही नाही. आणि तुलनेचा सांगाडा असा (१ म्हणजे पहिला खाली, वजा १ म्हणजे पहिला वर, ० म्हणजे बरोबरी):

दोन्ही नल असतील → ०
फक्त पहिला नल → १
फक्त दुसरा नल → वजा १
दोन्हींना किंमत आहे → दिशा गुणिले तुलना

दिशा (चढत्याला १, उतरत्याला वजा १) फक्त शेवटच्या ओळीत येते, इकडे लक्ष द्या. उतरत्यासाठी चढती यादी रिव्हर्स (उलटी) करायचा सल्ला वर एकाने दिलाय, तो माझ्या मते चुकीचा आहे. तळाला बसवलेल्या रिकाम्या ओळी उलटून डोक्यावर येतात. शिवाय समान किमतीच्या ओळींचा आपसातला क्रमही उलटतो. जावास्क्रिप्टच्या २०१९ च्या प्रमाणापासून सॉर्ट स्थिर असण्याची, म्हणजे समान ओळींचा मूळ क्रम टिकण्याची, हमी मिळाली आहे, ती आपल्याच हाताने का घालवायची?

नॅन तसाच तुलनेत जाऊ दिलात तर त्याहून वाईट. सॉर्ट नॅनला शून्य मानतं, म्हणजे ती ओळ प्रत्येकाच्या बरोबरीची ठरते, आणि मग चांगल्या ओळीही भलतीकडे जाऊन बसतात.

आणि तुमच्या नावाच्या फंक्शनात ‘अ मोठा आहे का’ याचं ट्रू-फॉल्स (हो-नाही; वजा उत्तर कधीच नाही) परत केलंय, ते आजच बदला. जुन्या क्रोममध्ये दहा ओळींपर्यंतच्या यादीत ते चालून जायचं. २०१८ च्या क्रोम ७० पासून यादी जागची हलत नाही.

नावं मराठीत आहेत म्हणालात, म्हणून आणखी एक. मोठं-लहान चिन्हाने तुलना केली की युनिकोडचा (संगणकातल्या अक्षर-क्रमांकांचा) क्रम लागतो: ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आणि क्ष हे क-हलन्त-ष असल्याने ‘क्षमता’ ख च्या आधी, क च्या शेपटीला. आपल्या वर्णमालेत ही मंडळी शेवटी. इंटल कोलेटर या भाषेनुसार तुलना करणाऱ्या साधनाला मराठी लोकेल (भाषेची खूण) देऊन तो एकदाच बनवा आणि त्याचंच कम्पेअर सगळीकडे वापरा. प्रत्येक तुलनेला तेच काम करणारं लोकेलकम्पेअर बोलावणं मोठ्या यादीत महाग पडतं.

किंमत दाखवताना आकड्याचा मजकूर करणाऱ्या टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठी लोकेल दिलंत तर आकडे देवनागरीत येतात. छान दिसतात, पण ते पानावरून परत वाचायला गेलात की नंबर आणि पार्सइंट दोघेही नॅन देतात. त्यामुळे दिसणारा मजकूर सॉर्टसाठी कधीच वाचू नका. खरी किंमत ओळीच्या न दिसणाऱ्या डेटा अॅट्रिब्यूटमध्ये ठेवा. तिथून ती स्ट्रिंग म्हणूनच येते, हे मात्र विसरू नका.

क्रम लागल्यावर इनर-एचटीएमएल (यादीच्या आतला सगळा मजकूर) पुन्हा लिहू नका, असलेलेच घटक अपेंड करा (शेवटी जोडा). ते कॉपी होत नाहीत, जागा बदलतात, आणि टिक केलेले चेकबॉक्स शाबूत राहतात.

मी रिअॅक्टवाला नाही, साध्या जावास्क्रिप्टवर पोट भरणारा माणूस आहे. तुमची यादी दहा हजार ओळींची असेल तर यातलं काही बदलेल, आणि सर्व्हरवरून पानं तुकड्यातुकड्यांत येत असतील तर सगळंच बदलेल.

पण त्या जादा इफचं आधी बघा. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) ती ओळ कुणी, कधी घातली ते सापडेल. त्या माणसाने नोकरी सोडली असली तरी एक फोन करा. मी त्या चौदा फंक्शनवाल्या मुलाला केला होता, पण सोमवारी. तो म्हणाला, ‘हो, रविवारी रिकामं येतं ना, म्हणून तिथे पार्सइंट.’