शास्त्रीय विचारामुळे रोजच्या जगण्यात नेमकं काय सुधारलं?

नागपुरात राहत असाल तर घरातल्या कूलरकडेच बघा. मलेरिया खराब हवेमुळे होतो, असं पूर्वी मानत. १८९७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले आणि लक्ष डास वाढतात त्या साचलेल्या पाण्याकडे वळलं. डेंग्यूचा एडिस डास तर कूलरच्या टाकीतही वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही! अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात, कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने घासाच, शेजाऱ्यांनाही सांगा. पावसाळ्यात दमट हवेमुळे पाण्याची वाफ कमी होते, कूलर तसाही गार करत नाही. तेव्हा तो रिकामा करून, घासून, सुकवूनच ठेवा.