जर्मन आडनावांचे शहर आणि आपल्या घरची मराठी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मराठी शाळेतून परतताना तू विचारलेस, की तुझ्या मैत्रिणीचे पणजोबा घरी जर्मन बोलत, आज तिच्या घरात कुणालाही ती भाषा येत नाही आणि त्यावाचून त्यांचे काहीच अडलेले नाही. मग आपल्या घरी मराठीतच बोलायचे हा दंडक कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि आपण विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकीत राहत असल्यामुळे त्याचे उत्तर आपल्या आसपासच सापडते.

एकोणिसाव्या शतकात या शहराला ‘जर्मन अथेन्स’ म्हणत असत. वर्तमानपत्रे, नाटके, व्यायामशाळा, चर्चमधील प्रवचने, बिअरच्या कारखान्यांतील बोलणी असा मोठा व्यवहार इथे जर्मनमध्ये चाले. इथून जवळच्या वॉटरटाउनला मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ साली अमेरिकेतील पहिले किंडरगार्टन काढले, तेही जर्मन भाषेत. १९१० च्या जनगणनेच्या वेळी आपल्याच राज्यातील हस्टिसफर्ड या गावातील जवळजवळ चौथा हिस्सा लोकांना केवळ जर्मनच येत होते आणि त्यांतले कित्येक जण तर अमेरिकेतच जन्मलेले होते. स्थलांतरित लोक आल्याबरोबर इंग्रजी शिकत, हे आपण नेहमी ऐकतो. ते निदान इथे तरी खरे नव्हते.

मग ही भाषा गेली कुठे? पुष्कळ जण पहिल्या महायुद्धाकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली आणि जर्मन बोलणे संशयास्पद ठरले. आयोवाच्या गव्हर्नरांनी १९१८ साली सार्वजनिक ठिकाणी, चर्चमध्ये आणि टेलिफोनवरसुद्धा परभाषा बोलण्यास मनाई केली. नेब्रास्कात आठवी होण्यापूर्वी मुलांना परभाषा शिकवणे हा १९१९ साली गुन्हा ठरला. तेथील रॉबर्ट मायर हे लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या एका लहानशा शाळेत शिक्षक होते. १९२० च्या मे महिन्यात ते दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलमधील गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत असताना सरकारी वकील वर्गात आले. मायर थांबले नाहीत, वाचन सुरूच राहिले. त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला, तो भरण्याऐवजी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९२३ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. आज शनिवार-रविवारी आपण मराठी शाळा निर्धास्तपणे भरवतो, त्यामागे असले खटले आहेत, हे आपल्या मंडळांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

तरीही सगळा दोष युद्धावर टाकणे मला पटत नाही. विस्कॉन्सिनने १८८९ साली शाळांत इंग्रजी सक्तीचे केले, तेव्हा इथले जर्मन लोक इतके खवळले की त्यांनी १८९० च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना घरी बसवले आणि १८९१ साली तो कायदा रद्द करून घेतला. त्याच लोकांची नातवंडे पुढे आपणहून इंग्रजीकडे वळली. शाळांचा कारभार गावाच्या हातून राज्याकडे गेला, नोकऱ्या आणि बाजार गावाबाहेरच्या जगाशी जोडले गेले, तरुण मंडळी इंग्रजी प्रवचन मागू लागली. एकेक काम जर्मनच्या हातून निघून गेले. बिअर, सॉसेज आणि उत्सव तेवढे राहिले, कारण त्यांना भाषा लागत नाही.

ज्यांनी कामे काढून घेतली नाहीत, त्यांची भाषा टिकली. आधुनिक सोयींपासून दूर राहणारे अमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक शेतावर आणि घरात आजही पेन्सिल्व्हेनिया जर्मन बोलतात, त्यांची मुले शाळेत इंग्रजी शिकतात, आणि त्यांची लोकसंख्या तीन लाखांच्या पुढे आहे. मात्र त्याची किंमतही मोठी आहे. आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याच्या हक्कासाठी आपल्याच राज्यातला त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ साली ते जिंकले. ती किंमत मी तुझ्याकडून कधीही मागणार नाही. त्यापेक्षा तंजावरच्या मराठी माणसांचे उदाहरण मला जवळचे वाटते. व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, ही घराणी तमिळ मुलखात आहेत. त्यांचे शिक्षण आणि बाहेरचा व्यवहार तमिळमध्ये होतो, आणि तरी कित्येक घरांत अजूनही मराठीच बोलतात. ती ऐकून पुणेकर नाक मुरडतील, पण मुरडोत बापडे.

तेव्हा माझे उत्तर असे. मोदक, आकाशकंदील आणि गणपतीपुढचे ढोल यांची मला काळजी नाही. ते तुझ्या मुलांपर्यंत आपोआप पोहोचतील. मराठी मात्र सणापुरती ठेवली, तर ती तुझ्यापाशीच संपेल. म्हणून जेवताना, भांडताना, हिशेब करताना मराठी, हा नियम राहील. मैत्रिणी घरी आल्या की तो लागू नाही; पाहुण्यांना अवघडवणे ही काही आपली रीत नव्हे. तुझे मराठी व्याकरण चुकले तर मधेच तोडून दुरुस्त करणार नाही, हे माझ्याकडून. आईलाही ते सांगितले आहे.

आणि एक काम आता तुझ्याकडे. आजीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांनी काय सांगितले, ते शनिवारी फोनवर तूच तिला नीट विचारून घे आणि मला सांग. औषधांची नावे लिहून घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
बाबा