खोल प्रवाहांचे प्रारूप करायचे आहे, कोणता विषय घेऊ?

प्रश्न : मी साताऱ्यात बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. समुद्रतळावरील पर्वतरांगा ओलांडून खोल प्रवाह कसे वाहतात, याची संगणकीय प्रारूपे करण्याची मला इच्छा आहे. त्यासाठी सागरी जीवशास्त्राकडे वळावे का? वडिलांना नोकरीची चिंता वाटते.

उत्तर : विषय बदलू नका, कारण तुमचा प्रश्न मुळात भौतिकशास्त्राचाच आहे. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधील डेन्मार्क सामुद्रधुनी पाहा. तेथील कटक, म्हणजे समुद्रतळावरील लांबट उंचवटा, सर्वांत खोल जागीही पृष्ठभागापासून सुमारे ६३० मीटरवर आहे. उत्तरेकडील थंड, जड पाणी त्यावरून दर सेकंदाला सुमारे ३० लाख घनमीटर इतके ओसंडते. बंधाऱ्यावरून पाणी पडावे तसाच हा प्रकार असला, तरी पृथ्वीच्या परिवलनामुळे हा प्रवाह सरळ खाली न कोसळता उजवीकडे वळून उताराच्या कडेकडेने सरकतो, आणि हळूहळू खाली उतरत असताना भोवतालचे पाणी त्यात मिसळत जाते.

प्रारूपकाराची कसोटी या मिसळण्यातच लागते. प्रारूपात समुद्राची खोली आडव्या थरांत विभागली की उताराच्या पायऱ्या होतात, आणि जड पाणी प्रत्येक पायरीवर प्रत्यक्षापेक्षा अधिक मिसळून हलके होते व तळापर्यंत पोहोचतच नाही. थर तळाच्या चढउतारांप्रमाणे वाकवले, तर तीव्र उतारावर दाबातील फरक काढताना चूक शिरते. घनतेनुसार थर मांडणे येथे सोयीचे ठरते, परंतु पृष्ठभागाजवळच्या घुसळलेल्या पाण्यात ती मांडणी तोकडी पडते. असल्या त्रांगड्यात ज्याचे मन रमते, त्यानेच या क्षेत्रात यावे. नुसती समुद्राची ओढ पुरत नाही.

एम.एस्सी. भौतिकशास्त्रात, उपयोजित गणितात किंवा वातावरण व सागरविज्ञानात करता येईल. द्रवगतिकी आणि संख्यात्मक पद्धती मात्र पक्क्या हव्यात. पायथनसोबत फोरट्रान ही संगणकभाषाही शिका. जुनाट म्हणून तिची हेटाळणी होते, तरी बहुतेक मोठी सागरी प्रारूपे तीतच लिहिलेली आहेत. आयआयटीतील प्रवेशासाठी जॅम, तर पुढील संशोधनवृत्तीसाठी सीएसआयआर-नेट परीक्षा असते.

वडिलांची चिंता रास्त आहे. केवळ खोल प्रवाहांवर काम करणाऱ्या जागा आपल्याकडे मोजक्या आहेत आणि त्यांना पीएच.डी. लागते. मात्र गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि हैदराबादचे इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) येथे मोसमी पाऊस, लाटा, सागरी प्रवाह अशा विषयांवरील प्रारूपांचे काम चालते, आणि तेथे हेच कौशल्य उपयोगी पडते. एम.एस्सी.नंतरची सुमारे पाच वर्षे संशोधनवृत्तीवर काढणे घरच्या परिस्थितीला झेपेल का, हे अर्ज भरण्यापूर्वीच वडिलांशी बोलून ठरवा.