साधा चिनी माणूस कोणी टिपलाय? आधी ग्रुप फोटो बघा

तुमचा प्रश्न असा आहे, की चीनमधले फोटो म्हटलं की माओचं पोस्टर नाहीतर शांघायच्या उंच इमारतीच समोर येतात. मग एवढ्या उलथापालथीत तिथला साधा माणूस कोणी टिपलाय, आणि बघायला सुरुवात कुठून करायची?

मी कलासमीक्षक नाही. माझा सांगलीत स्टुडिओ आहे आणि शाळांचे ग्रुप फोटो काढण्यात निम्मं आयुष्य गेलंय. त्यामुळे मी तुम्हाला ग्रुप फोटोच्याच वाटेने नेणार. चीनच्या बाबतीत ती आडवाट नाही. तिथे शहरातला माणूस कित्येक दशकं ‘दानवेई’चा होता. दानवेई म्हणजे कामाचं ठिकाण: कारखाना, इस्पितळ, शाळा, कचेरी. नोकरी तिथली, खोली तिथली, औषधपाणी तिथलं. लग्न करायचं तरी दानवेईचं पत्र लागायचं. मग फोटो तरी एकट्याचा कसा असणार?

ज्वांग ह्वेई या कलावंताने १९९७ साली नेमके असेच फोटो काढले. एका इस्पितळाचे सगळे कर्मचारी, एका तुकडीतले सैनिक, एका खेड्यातले गावकरी. त्यासाठी स्टँडवर गोल फिरणारा जुना कॅमेरा वापरला; त्यातून पट्टीसारखा लांबच लांब फोटो निघतो. रांगेत शेकडो माणसं. चाळीस पोरांचे डोळे एकाच वेळी उघडे ठेवायला लावताना माझा घसा बसतो, म्हणून मी या माणसाला आधीच हात जोडतो. पण खरी गंमत फोटोच्या टोकाला आहे. तिथे ज्वांग ह्वेई स्वतः उभा आहे. तो डॉक्टर नाही, सैनिक नाही, त्या गावचाही नाही. प्रत्येक फोटोत कडेला हाच. पहिल्यांदा मला तो नुसता खोडसाळपणा वाटला. नंतर लक्षात आलं, की हे फोटो निघत होते त्याच सुमारास सरकारी कारखाने आवरायला लागले होते आणि पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी कामगार घरी बसले. रांगेतल्या किती जणांचं त्या जागेशी असलेलं नातं नंतर त्याच्याइतकंच उरलं असेल!

पण सुरुवात मात्र हाय बो या फोटोग्राफरपासून करा. जन्म १९६२, ईशान्येकडच्या जीलिन प्रांतातला. त्याने जुने ग्रुप फोटो घेतले, बरेचसे सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे माओने १९६६ ते ७६ मध्ये घडवलेल्या उलथापालथीच्या काळातले: सगळ्यांचे एकसारखे गळाबंद कोट, एकसारखे केस. मग त्यातली माणसं शोधून काढली, त्याच क्रमाने बसवली आणि नवा फोटो काढून जुन्याशेजारी लावला. जो माणूस या जगात नाही त्याची जागा मोकळी सोडली. बाकी काही केलं नाही. जुन्या फोटोत चेहरे एकमेकांत मिसळून जातात, नव्यात प्रत्येकाचा स्वेटर वेगळा, सुटलेलं पोट वेगळं, खांदे पडलेले वेगळे. माणूस सुटा झाला हे दाखवायला त्याला एकही शब्द लिहावा लागलेला नाही.

हे बघितल्यावर एका दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरला मीही तसंच करून पाहिलं. जुना फोटो समोर धरून सगळ्यांना जागच्या जागी बसवलं, दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. मागून लगेच आवाज आला, “अहो, मध्ये गॅप दिसतोय, सरका की जरा!” सगळे सरकले. मी मुकाट्याने बटण दाबलं.

वांग जिनसोंगने १९९६ साली दोनशे कुटुंबांचे फोटो एकत्र मांडले. आई, बाप आणि एकच मूल. नाव दिलं ‘प्रमाणित कुटुंब’. १९८० नंतरच्या एका मुलाच्या सक्तीवर याहून कोरडी टिप्पणी मला माहीत नाही. दुरून बघितलं तर नुसत्या चौकटी दिसतात. जवळ गेलात की कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे ते दिसतं, आणि तिथेच वेळ जातो. याच कलावंताने १९९९ मध्ये भिंतींवरच्या ‘छाय’ या अक्षराचे शंभर फोटो मांडले. छाय म्हणजे पाडा. गोलात रंगवलेलं ते अक्षर भिंतीवर आलं की घराचे दिवस भरले.

त्याच भिंतींवर जांग दाली हा कलावंत रात्री जाऊन स्वतःच्या डोक्याची बाह्यरेषा स्प्रेने काढायचा. १९९५ ते २००५ या काळात, दोन हजारांहून जास्त वेळा. इटलीत राहून परतला होता आणि आपलं बीजिंग त्याला ओळखू येईना. त्याचा १९९८ चा एक फोटो जरूर शोधा: अर्धवट पाडलेल्या भिंतीत डोक्याच्या आकाराचं भगदाड आहे आणि त्यातून मागे जुन्या राजवाड्याचं सोनेरी छप्पर दिसतंय.

अंगाला रंग लावून भिंतीत, दुकानात दिसेनासा होणारा ल्यू बोलिन तुम्ही फॉरवर्डमध्ये पाहिलाच असेल. त्याची सुरुवात २००५ मध्ये झाली, तो काम करत होता ती कलावंतांची वस्ती पाडल्यावर. तेव्हाचे फोटो चटका लावतात. पुढे मला तरी ती करामतच जास्त वाटायला लागली.

शेवटचं नाव फोटोग्राफरचं नाही. तोमा सोवें नावाचा फ्रेंच माणूस २००९ पासून बीजिंगमध्ये टाकून दिलेल्या निगेटिव्ह किलोवर विकत घेत आला. भंगारवाले त्या चांदी काढण्यासाठी गोळा करायचे. (वापरलेला हायपो, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, चांदीसाठी नेणारी माणसं माझ्याकडेही यायची, त्यामुळे हे वाचून मी हललोच.) साधारण १९८५ ते २००५ मधल्या, पाच लाखांहून जास्त निगेटिव्ह. कुटुंबांनी स्वतःच काढलेले फोटो: समुद्रकिनारा, लग्न, वाढदिवस. आणि कितीतरी बायका नव्या फ्रिजशेजारी नटूनथटून उभ्या, जशा एखाद्या पाहुण्यासोबत उभ्या राहतात. ज्यांना आयुष्यभर रांगेत उभं केलं, ते स्वतःच्या हाती कॅमेरा आल्यावर काय टिपतात ते इथे कळतं.

यात हसण्यासारखं काही नाही. १९९० च्या आसपास एका गिऱ्हाइकाने मला टीव्हीसोबत फोटो काढायला घरी बोलावलं होतं. टीव्हीवर क्रोशाचं कव्हर होतं. वहिनींनी ते आधी काढून ठेवलं, कंपनीचं नाव दिसायला हवं म्हणून.