डोळ्यांचं पारणं फिटेल असे परदेशी सिनेमे कोणते?

तुम्ही म्हणताय गोष्ट थोडी कमी कळली तरी चालेल पण बघताना डोळ्यांचं पारणं फिटलं पाहिजे. माझ्या मते नुसती सुंदर लोकेशन्स म्हणजे देखणा सिनेमा नाही, फ्रेमनेच गोष्ट सांगितली पाहिजे, सबटायटल्स बंद केली तरी काय चाललंय ते कळलं पाहिजे.

म्हणून पहिला जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'रान' (१९८५). म्हातारा राजा आपलं राज्य मुलांच्या हाती देतो आणि पुढे त्याच मुलांचं सैन्य त्याच्या किल्ल्यावर चालून येतं. त्या लढाईत घोडे, बाण, किंकाळ्या कशाचाच आवाज येत नाही, फक्त ताकेमित्सूचं संगीत, आणि समोर लाल-पिवळे झेंडे, धूर, पटापट कोसळणारी माणसं. मग एक गोळी सुटते आणि सगळे आवाज एकदम अंगावर येतात! त्यानंतर पेटलेल्या किल्ल्यातून तो म्हातारा भ्रमिष्टासारखा पायऱ्या उतरत येतो आणि सैनिक गुपचूप बाजूला होऊन त्याला वाट देतात. किल्ल्याचा तो सेट खरोखर उभा करून खरोखर जाळला होता, म्हणजे रिटेकची सोयच नाही.

दुसरा 'सोय क्युबा' (१९६४), सोव्हिएत आणि क्युबाने मिळून केलेला. उघड उघड प्रचारपट आहे, गोष्टही जरा भाबडी आहे, पण कॅमेरा बघा हो! अंत्ययात्रेच्या सीनमध्ये कॅमेरा गर्दीतून निघून इमारतीच्या बाजूने वर चढतो, सिगारच्या कारखान्यात शिरतो, कामगार खिडकीतून झेंडा सोडतात आणि कॅमेरा त्याच खिडकीतून बाहेर पडून रस्त्यावर तरंगत जातो, मध्ये कट दिसत नाही, आणि तेव्हा ड्रोन वगैरे काही नव्हतं. काही सीन इन्फ्रारेड फिल्मवर घेतलेत त्यामुळे झाडं पांढरीशुभ्र दिसतात.

शांत काही हवं असेल तर हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाईचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) बघा, शेजारी राहणाऱ्या एका पुरुषाची आणि एका बाईची गोष्ट. अरुंद जिने, दाराच्या फटी, आरसे यांतून आपण त्या दोघांकडे चोरून बघतोय असंच वाटत राहतं, आणि ज्यांनी त्यांना फसवलं त्या तिच्या नवऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा चेहरा आपल्याला धड दिसतच नाही. मला हे फार आवडतं.

दिग्दर्शक कुब्रिकचा 'बॅरी लिंडन' (१९७५) तीन तासांचा आहे आणि संथ आहे, पण मेणबत्तीच्या उजेडातले सीन नासासाठी बनवलेल्या, अगदी कमी उजेडातही चालणाऱ्या झाइस कंपनीच्या लेन्स वापरून शूट केलेत. हा मोबाईलवर बघू नका प्लीज, अंधारातलं काहीच दिसणार नाही. पोलंडचा 'इडा' (२०१३) ब्लॅक अँड व्हाइट आणि जेमतेम दीड तासाचा, तो तर एका संध्याकाळी होऊन जाईल.

सोव्हिएत दिग्दर्शक पाराजानोवचा 'द कलर ऑफ पोमेग्रॅनेट्स' (१९६९) सगळे सुचवतात, मीही सुचवेन पण सुरुवात त्याने करू नका. त्यात कॅमेरा जवळपास हलतच नाही, संवाद नावालाच, आधीचे दोन-तीन बघून नजर तयार झाली की मग तो लावा.