तोंडी काही चालत नाही, भाऊ

भाऊ,

परवा फोनवर तू विचारलं, साहेब, अग्निशमनचा चार्ज माझ्याकडे, सही माझी, पण वरून सांगतात की त्या क्लासेसच्या बिल्डिंगवरची कारवाई सध्या राहू द्या, पोरांच्या परीक्षा आहेत, आते काय करू? लग्नाच्या गर्दीत होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

तू प्रामाणिक आहेस, घाबरणारा नाहीस, ते मला माहितीये. तुझा गोंधळ वेगळाच आहे. तुला वाटतंय की अग्निशमन अधिकाऱ्याचा अधिकार म्हणजे आगीच्या जागेवरचा अधिकार. तिथे तो आहेच. दार तोड, भिंत पाड, रस्ता बंद कर, आजूबाजूचं पाणी बंद करून आपल्या लाईनला प्रेशर घे, मधे येणाऱ्याला बाजूला काढ, कोणी अडवत नाही, मोठे मोठे लोक पण गुपचूप मागे सरकतात. पण तोवर आग लागलेली असते ना भो! खरा अधिकार वर्दी, म्हणजे आगीची खबर, येण्याच्या आधीचा आहे आणि तो सगळाच्या सगळा लेखी आहे.

२००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा काढ आणि परीक्षेसाठी वाचला तसा नको, पुन्हा वाच. यंत्रणा बसवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, दर जानेवारी आणि जुलैला लायसन्स असलेल्या एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, त्याने तुझ्याकडे आणून द्यायचा. नाही दिला तर तपासणी, मग कलम ६ ची नोटीस. आणि धोका समोर दिसत असेल तर कलम ८, इमारत रिकामी करायचा आदेश, ऐकत नसतील तर पोलिसांची मदत, पुढे सील. हे करायचं कसं तर लेखी आदेशाने. तू क्लासवाल्याला दहा वेळा जाऊन समजावलं, चहा पिऊन आला, तर कायद्याच्या दृष्टीने तू काहीच केलेलं नाहीस. तोंडी चालत नाही.

वरच्या फोनचं पण तेच. भांडू नको, आवाज चढवू नको, हो म्हणू नको. त्याच दिवशी टिपणी टाक, "आज दूरध्वनीवरून मिळालेल्या सूचनेनुसार सदर इमारतीवरील कारवाई थांबवावी किंवा कसे, याबाबत लेखी आदेश व्हावेत." जावक नंबर घाल, पोच घे. बहुतेक वेळा उत्तर येतच नाही, कारण थांबवा असं लिहून द्यायला कोणी तयार नसतं, आणि लेखी कोणी थांबवलं नाही तर तू तुझं काम कर.

मी हे एवढं का घोकतोय? सुरत आपल्याला परकं नाही. उधना, लिंबायतमधे आपल्या खान्देशची किती घरं आहेत. २४ मे २०१९ ला त्याच सुरतेत तक्षशिला आर्केडमधे वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ जणं गेली, बहुतेक शिकणारी पोरं, खाली यायला रस्ता नाही म्हणून खिडकीतून उड्या मारत होती. नंतर अग्निशमनच्या अधिकाऱ्यांना पण अटक झाली. २०२४ च्या मे मधे राजकोटच्या गेमझोनला आग लागली, तिथेही अधिकारी तुरुंगात गेले. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दवाखान्यात दहा बाळं गेली. प्रत्येक वेळी चौकशीत पहिला प्रश्न एकच असतो, तुम्हाला माहीत होतं का, आणि होतं तर काय केलं, कागद दाखवा. आणि परीक्षेचं म्हणशील तर ज्या पोरांच्या परीक्षेचं कारण तुला सांगतात, तीच पोरं त्या एका जिन्याने वर चढतात.

मला जिनिंगवाले कागदी साहेब म्हणायचे. म्हणू दे. कापसाचं तुला शिकवायची गरज नाही, गाठीच्या आत ठिणगी राहिली तर वरून विझलेली गाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते, कूलिंग करता करता फायरमनचा जीव जातो. एका जिनिंगला मी गंजींमधलं अंतर आणि पाण्याची टाकी यावरून नोटिसा दिल्या, एकामागून एक. मालक माझ्या शाळेपासूनचा ओळखीचा. घरी आला, बसला, म्हणाला तोंडी सांगितलं असतं तर करून टाकलं असतं. मी म्हटलं, तोंडी तर दोन सीझन सांगतोय. माझी टेबलावर बदली झाली, ड्रेस कपाटात गेला. पुढे तिथे आग लागली आणि बंब उशिरा आला म्हणून सगळं त्या रात्रीच्या ड्यूटीवरच्या पोरांवर ढकलायचं चाललं होतं, तेव्हा माझ्या नोटिसांची फाईल निघाली आणि ती पोरं सुटली. तो मित्र मात्र शेवटपर्यंत बोलला नाही. त्याच्या दहाव्याला मी लांब उभा होतो. खंत आहे, का नसेल? घरचे म्हणतात तुम्ही ताठ वागले, जरा सांभाळून घेतलं असतं तर प्रमोशन झालं असतं. पण नोटीस मागे घेतली असती तर त्या पोरांच्या बायकामुलांना मी काय सांगणार होतो? आज पण मी तीच नोटीस देईन, त्याच भाषेत.

आता वरच्या दिशेचा कागद, हा सगळे विसरतात. अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे हे शहराच्या संस्थेचंच काम, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. रिक्त पदं किती, कोणता पंप बंद, बीए सेटचे, म्हणजे धुरात श्वास घ्यायच्या उपकरणाचे, किती सिलिंडर भरलेले, हे बजेटच्या आधी लिहून दे. नाही मिळालं तर स्मरणपत्र, मग पुन्हा स्मरणपत्र. १४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना देतो, त्याच दिवशी तुझं मागणीपत्र आयुक्तांच्या हातात दे. बीए सेट नसताना धुरात पोरगा पाठवायचा नाही, हा आदेश पण लेखी काढ, स्टेशनच्या बोर्डावर लाव. तू रजेवर असताना तोच आदेश तुझ्या पोरांना सांभाळेल.

आणि सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे असं समजू नको. तापीला पूर आला, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, तू त्यांचा एक हात. एमआयडीसी, वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरचं वीज केंद्र, यांच्याशी मदतीचं आधीच लिहून ठरव, कोणाचा बंब, कोणता नंबर, डिझेल कोणाचं. पंचेचाळीस डिग्रीत चटईचा किंवा पाईपचा कारखाना पेटला की तेव्हा ओळखी काढायला वेळ नसतो.

सोमवारी त्या बिल्डिंगला जा. जिना मोज, गच्चीचं दार कुलूपबंद आहे का बघ, पायरीवर ठेवलेलं सामान, मीटरची पेटी, सगळ्याचे फोटो घे, मालकाच्या माणसासमोर पंचनामा कर आणि त्याची सही घे. नाही देत म्हणाला तर "सही देण्यास नकार" असं लिही आणि दोन साक्षीदार घे. नोटिशीचा मसुदा मला व्हॉट्सअॅपवर पाठव, मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो. कलम नीट तपासून टाक, मागच्या वेळी तू चुकीचं टाकलं होतं.